शिट्टीबंदीचे दिवस

मित्रांनो, माझ्या बुडाला दोन पोचे आहेत, एक कान तुटून तिथे तारेने लाकूड बांधलेलं आहे आणि झाकणाची मूठ तर कितीदा बदलली याची गणतीच नाही. तरीही मी ताठ उभा आहे. मी एका घरातला जुना प्रेशर कुकर. वय विचारू नका. ज्याच्या अंगात वाफ आहे त्याला वय विचारायचं नसतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला थोडं फुगवून बोलायची सवय आहे. माझा जन्मच दाब वाढवण्यासाठी झाला, त्याला मी तरी काय करणार? तेव्हा माझ्या बोलण्यातली वाफ सोडून द्या आणि आत शिजलेलं जे उरेल ते घ्या.

जन्माच्या वेळी मी ॲल्युमिनियमची एक सपाट चकती होतो. कारखान्यातल्या अजस्र यंत्राने माझ्या डोक्यावर असा गुद्दा मारला की मी एका क्षणात खोल झालो. मग कान आले, झाकण आलं, रबराची रिंग आली आणि सगळ्यांत शेवटी डोक्यावर शिट्टी बसली. तपासणीच्या टेबलावर मी पहिली शिट्टी दिली, तेव्हा सगळ्या कामगारांना वाटलं की जेवणाची सुट्टी झाली. ते हात धुऊन, डबे उघडून बसले. मुकादमाला खरा प्रकार कळेपर्यंत जेवणं आटोपली होती. मग खरी सुट्टी झाली, तेव्हा ते नाइलाजाने पुन्हा जेवले. खोटं वाटत असेल तर माझ्या झाकणाला विचारा. तेही तिथेच होतं.

दुकानातून मला आजीने निवडलं. आजीला तेव्हाही कमीच ऐकू यायचं. ज्याची शिट्टी मला ऐकू येईल तोच कुकर मी घेणार, असं तिने दुकानदाराला बजावलं. बिचाऱ्याने शेगडी मांडून एकेका कुकरात पाणी उकळलं. प्रत्येक शिट्टीला आजी नकारार्थी मान हलवत होती. शेवटी माझी पाळी आली. माझ्या शिट्टीने रस्त्यावरची वाहनं जागच्या जागी थांबली, समोरच्या दुकानातला कुत्रा टेबलाखाली शिरला, आणि आजी म्हणाली, "हां, हा निदान काहीतरी पुटपुटला." त्याच संध्याकाळी मी घरी आलो.

घर माझ्याच जातीचं निघालं. खाली बाबांचं हॉर्न दुरुस्तीचं दुकान. ट्रकचे, बसचे, स्कूटरचे हॉर्न दिवसभर वाजवून बघायचे. वाजवल्याशिवाय दुरुस्त झाला हे कळणार कसं? आई शाळेच्या मैदानावर मुलांना खेळ शिकवायची. तिच्या गळ्यात सदा एक शिट्टी असायची, पण ती नुसती शोभेची. नुसत्या आवाजाने ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चालू असलेली मारामारी थांबवायची. आजी कोणाच्या कानात काही सांगू लागली, तरी आज भाजी कसली आहे ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याला कळायचं. आणि या तिघांचं सगळं देणं एकटीने उचललेली आठ वर्षांची लेक. तिला सगळे भोंगा म्हणत. शाळेतही, घरातही, आणि रागावली की तिची आईसुद्धा.

भोंगा आणि मी अगदी जिवलग. मी चढायला लागलो की ती ओट्याशेजारी स्टूल ओढून बसायची आणि दिवसभरातलं सगळं मला सांगायची. माझ्या फुसफुशीवर आवाज चढवून सांगायची, त्यामुळे तिची गुपितं गल्लीभर व्हायची. पण तिला त्याचं काही नव्हतं. गल्लीलाही नव्हतं. माझी शिट्टी झाली की न्हावी दुकानाची फळी लावायचा, शिंपीण मशीन थांबवायची आणि पोरं खेळ टाकून घराकडे पळायची. एकदा आई बाहेरगावी गेली होती म्हणून मी तापलोच नाही, तर त्या दिवशी अख्खी गल्ली संध्याकाळपर्यंत उपाशी राहिली. झाकण म्हणतं, एवढं नाही झालं. पण झाकणाला नेहमीच माझं तोंड बंद करायची घाई असते.

मग घरात आणखी एक माणूस येणार असल्याची बातमी फुटली. फुटली म्हणजे आजीने ती हळूच शेजारणीला सांगितली. पुढचे सगळे महिने आई ओट्याला टेकून उभी राहायची आणि तिचं पोट माझ्यापासून जेमतेम वीतभर असायचं. मी शिट्टी दिली की आतून एक लाथ बसायची. आई हसून म्हणायची, "घ्या, जेवायला हाक आली." भोंगा तर पोटाला तोंड लावून पाढे म्हणायची.

बाळ आलं. पाठोपाठ आत्या आली. बाबांची थोरली बहीण, मोठ्या वाचनालयात ग्रंथपाल. मित्रांनो, बाई सोन्यासारखी. आल्या दिवसापासून तिने बाळाचं न्हाणं, आईचं खाणंपिणं, धुण्याचा ढीग, सगळं अंगावर घेतलं. पण आयुष्यभर ओठांवर बोट ठेवून तिचं ते बोट तिथेच राहिलं होतं. बाळ रडायचं, झोपायचं नाही. आत्या म्हणाली, एवढ्या गोंगाटात मोठं माणूस झोपणार नाही, हा तर एवढासा जीव. कोणी वाद घातला नाही. तुम्ही फार आवाज करता, हे या लोकांनी जन्मभर ऐकलेलं होतं. बाळासाठी म्हणून सगळे लगेच तयार झाले.

आणि एकदा मनावर घेतलं की या घराला अर्ध्यावर थांबणं ठाऊक नाही. बाबांनी हॉर्न गोधड्यांत गुंडाळले आणि ते बोटाने चाचपून दुरुस्त करू लागले. गिऱ्हाइकांनी गाड्या नेल्या आणि पहिल्याच वळणावर कळलं की एकाचाही आवाज निघत नाही. दारांच्या बिजागऱ्यांना तेल पाजलं. स्टीलचे चमचे जाऊन लाकडी आले. सगळे खुणांनी बोलू लागले. बाबांनी मिठासाठी बोटं चोळली की आई त्यांना मलम आणून द्यायची.

मी? मला उचलून वरच्या फळीवर ठेवलं. माझ्या जागी एक पांढरा, गुळगुळीत इलेक्ट्रिक कुकर आला. तो तांदूळ शिजला की 'टिक' करायचा, तेही माफी मागितल्यासारखं.

फळीवरून मला सगळं दिसायचं, म्हणून सांगतो. सगळ्यांत आधी आजी गप्प झाली. घरात शांतता पाळायची आहे हे सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, पण कुजबुजत. तिच्या कानापर्यंत त्यातलं अक्षरही पोचलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की माणसांचे ओठ हलतात आणि आपल्यासाठी त्यातून काही येत नाही. ती खिडकीशी बसून राहू लागली.

भोंग्याचं त्याहून कठीण. हॉर्नला गोधडीत गुंडाळता येतं, पोरीला कसं गुंडाळणार? ती चवड्यांवर चालायची, उशीत तोंड खुपसून हसायची, शिंक आली की धावत गच्चीवर जायची. तरी हातातून एखादी पट्टी पडायचीच. आणि बाळ तर रडतच होतं, आधीपेक्षा जास्त. ते रडायला लागलं की सगळ्यांच्या माना आपोआप भोंग्याकडे वळायच्या. कोणी रागवायचं नाही. नुसत्या माना वळायच्या. हळूहळू तिने हसणंही सोडलं, आणि तरी माना वळतच राहिल्या.

शेवटी एकदा जेवताना आत्याने हळू आवाजात सुचवलं की काही महिने भोंग्याला ती आपल्याकडे नेईल. तिथली शाळा चांगली आहे, शांत राहायची सवय लागेल, इकडे बाळही जरा स्थिरावेल. बाबा ताटाकडे बघत राहिले. आईने भोंग्याकडे बघितलं. भोंग्याने मान डोलावली. झालं, ठरलं.

त्या दुपारी सगळे बाळाभोवती असताना ती स्टुलावर चढली. माझं झाकण उघडलं, तोंड माझ्या आत घातलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला नाही जायचं." मग झाकण घट्ट लावून खाली उतरली. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ काही आत कोंडून धरलं आहे. पण इतकं जड काही नाही.

जायचा दिवस उजाडला. दाराशी बॅग भरून ठेवलेली. बाळ पहाटेपासून रडत होतं आणि त्यात वीज गेलेली. पांढरे महाशय थंड पडून होते. नातीला वाटेत खायला उकडलेले बटाटे द्यावेत, असं आजीच्या मनात आलं. शिट्टीबंदी तिच्या गावीही नव्हती. मला कोणीतरी घासायला म्हणून वर ठेवलं असावं, अशी तिची समजूत. तिने कपडे वाळत घालायची काठी आणली, माझ्या मुठीत अडकवली आणि ओढलं. माझ्या बुडाचा दुसरा पोचा तो. धाडकन आवाज झाला आणि बाळाचं रडणं एका श्वासापुरतं थांबलं. ते फक्त मला कळलं, पण मी त्या वेळी ओट्याखाली उताणा पडलेलो होतो, सांगणार कोणाला?

आजीने बटाटे घातले, पाणी घातलं, गॅस पेटवला. मी चढू लागलो. इतके दिवस साठलेलं सगळं माझ्या डोक्यात गोळा झालं आणि मग मी जी शिट्टी दिली, तिने खिडकीचे गज वाकले. बरं, वाकले नसतील. पण थरथरले नक्की.

आत्या दोन्ही हात कानांवर ठेवून धावली, मागून बाबा, आई, दारातून भोंगा. आईच्या खांद्यावर बाळ होतं. ते रडत नव्हतं. डोळे टक्क उघडून ऐकत होतं. माझी शिट्टी थांबली, घर पुन्हा चिडीचूप झालं, आणि त्याचा खालचा ओठ थरथरू लागला. रडणं सुरू होणार एवढ्यात मी दुसरी दिली. ओठ थांबला. सगळे पुतळ्यासारखे उभे. आजी मात्र पाठमोरी, शांतपणे डबा पुसत होती. तिसरी झाली, चौथी झाली, आणि भोंग्याला राहवलं नाही. इतक्या दिवसांनी ती पूर्ण छाती भरून ओरडली,

"आजी, गॅस बंद कर की गं, बटाट्यांचा लगदा होईल!"

आजीने ऐकलं. गॅस बंद केला. आणि बाळाने त्या आवाजाकडे मान वळवली, एक लांब श्वास सोडला आणि तोंड उघडं टाकून आईच्या खांद्यावर झोपून गेलं.

"आज कुठे तोंडं उघडली तुमची," आजी म्हणाली. "मला वाटलं, माझ्याशी अबोला धरलाय."

आई तिथेच स्टुलावर बसली. आत्या अजून कुजबुजत विचारत होती की हे झालं तरी काय. "ताई, नऊ महिने यानं हेच तर ऐकलंय," आई म्हणाली, अगदी तिच्या मैदानावरच्या आवाजात. "हॉर्न, कुकर, आईंचं बोलणं, हिची बडबड. बाहेर येऊन बघतो तर सगळे गप्प. त्याला वाटलं असेल, भलत्याच घरी आलो."

मग तिने भोंग्याला जवळ ओढलं. "तुला जायचं होतं ना?"

भोंग्याने मान हलवून नाही म्हटलं.

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलायचं नव्हतं ना," भोंगा म्हणाली.

मी वाफ आवरून धरली. बाबा खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे तिकडे बघत होते. मग आत्या वळली, दाराशी गेली आणि बॅग उचलली. भोंगा खाली मान घालून बूट शोधू लागली. पण आत्या बॅग घेऊन आतल्या खोलीत गेली आणि एकेक फ्रॉक पुन्हा कपाटात ठेवू लागली. "बूट काय शोधतेस?" ती आतून म्हणाली. "ये इकडे, घड्या घालू लाग. आणि काय काय सांगायचं राहिलंय ते सगळं मोठ्यानं सांग."

भोंग्याने सांगितलं. पार जेवणापर्यंत सांगत होती. त्यातल्या एका गोष्टीला आत्या हसली. मित्रांनो, ते हसू ऐकून खाली दुकानातले दोन हॉर्न आपोआप दुरुस्त झाले. वाचनालयातली सगळी वर्षं ते आत कोंडलेलं होतं. माझ्याच पोटात दाब असतो असा मला उगाच गर्व होता. आत्याची गाडी अर्थातच चुकली. आता ती दर सुट्टीला येते, आणि आवाज करायला येते हे लपवतही नाही.

बाबांनी गोधड्या सोडल्या. आजीला सगळा प्रकार तिच्या कानाशी ओरडून सांगितला गेला आणि तो ऐकायला न्हावी दुकान टाकून वर आला. पांढरे महाशय अजून आमच्याकडेच आहेत. मी ओट्यावर, ते माझ्या शेजारी. माणूस तसा वाईट नाही, फक्त भिडस्त आहे. हल्ली त्याचं 'टिक' जरा ठसठशीत येतं, माझ्या संगतीचा परिणाम.

तुमच्या घरातही माझा कोणी भाऊबंद असेल. त्याची रिंग वेळेवर बदला. शिट्टीचं भोक साफ ठेवा. वाफ पुरती जाईपर्यंत झाकण ओढू नका, आम्हाला घाई केलेली सोसत नाही. आणि घरात कोणी नवीन आलं, बाळ असो, वहिनी असो, आजोबा असोत, तर त्याला जागा जरूर करून द्या. पण त्यासाठी घरातल्या कोणाला फळीवर चढवू नका. नव्याला तुमचं घर हवं असतं, तुम्ही जसे आहात तसे. आणि तुमच्यातलं एखादं बडबडं अचानक शहाण्यासारखं गप्प बसलं, तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारा, बाबा रे, तुझ्या पोटात काय कोंडलंय?

पुरे आता. भोंग्याने गॅस मोठा केला आहे आणि तिच्या कडेवर बाळाच्या पापण्या मिटायला लागल्या आहेत. जरा कानांवर हात ठेवा. मला त्याला झोपवायचं आहे.