पत्त्याचा पुरावा

"ताई, यात तुम्ही वारल्या आहात," संगणकासमोर बसलेला सुखदेव म्हणाला.

अर्जात पिनकोड राहिलाय, असं सांगावं तसं, मान वर न करता. मला वाटलं, दुसऱ्या कुणाशी बोलतोय.

विहारात टेबलं मांडून गृहनिर्माण प्राधिकरणाचं शिबिर भरलं होतं. आमच्या येरवड्याच्या वस्तीच्या जागी इमारती उभ्या राहणार होत्या आणि पात्र झोपडीला तिथे घर मिळणार होतं. अट एकच, एक जानेवारी २००० च्या आधीपासून त्याच झोपडीत राहत असल्याचा सरकारी कागद हवा. आमच्या विजेच्या मीटरची पहिली पावती २००३ ची. त्यामुळे पहिल्या यादीत आमच्यापुढे 'अपात्र' लागलं होतं. आज हरकतीचा शेवटचा दिवस होता. पाचला टेबलं उचलणार होते.

प्राधिकरणाच्या समाज विकास अधिकारी नम्रता मॅडम तीन आठवडे दारोदार फिरत होत्या. "लाजू नका, असेल तो कागद आणा," त्या सांगायच्या. "केसपेपर, लसीचं कार्ड, चौकीतली तक्रार, काहीही. फक्त शिक्का आणि पत्ता हवा." गेनबामामांनी तुरुंगातून सुटल्याचा दाखला आणला आणि ते पात्र झाले. वस्ती आठवडाभर हसत होती. "आत गेला तेव्हा उगाच नावं ठेवली बिचाऱ्याला," शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या. "दूरदृष्टीचा माणूस."

आई मात्र हसली नव्हती. आज सकाळी तिने पत्र्याच्या पेटीतून रबर लावलेली एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. "मॅडमच्या हातात दे. तू उघडू नको."

मी उघडली नाही. बाबांचा काही कागद असेल असं वाटलं. बाबा गवंडी होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्यांच्याबद्दल आता नवीन काही कळू नये, एवढीच माझी इच्छा होती.

टेबलावर दिलेल्या पिशवीतला कागद सुखदेवने माझ्याकडे फिरवला. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्याच्या बाटलीवरचं नाव आधी वाचायचं, मग तारीख, मग बाकीचं, ही सवय. त्याच क्रमाने मी वाचलं.

कु. दीक्षा पोपट ओव्हाळ, म्हणजे मीच. मृत्यू २० ऑगस्ट १९९७. वय एक वर्ष तीन महिने. आईचे नाव चंपा. पत्ता आमच्याच झोपडीचा. खाली महापालिकेचा गोल शिक्का.

ऑगस्ट ९७ मधून एक वर्ष तीन महिने वजा केले की मे ९६ येतो. माझ्या सगळ्या कागदांवर माझी जन्मतारीख ११ मे १९९६ आहे. मी वजाबाकी पुन्हा केली. उत्तर तेच आलं.

आई भिंतीला टेकून सतरंजीवर बसली होती. मी कागद तिच्यापुढे धरला.

"आई, हे कोणाचं आहे?"

"त्याच्यावर झोपडीचा नंबर हाय का नाही?"

"आहे."

"मग झालं. त्यांना पत्ताच पाहिजे व्हता. मला वाटलं, तेवढाच बघतील."

"आई, कोणाचं आहे?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुझ्या बहिणीचं. उलट्या-जुलाब झाले. दोन दिवसांत गेली. तवा तू पोटात व्हतीस, पाचवा-सहावा महिना."

माझ्या एकोणतीस वर्षांत बहीण हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. आणि आता कळत होतं, की एकोणतीसही नव्हती.

"आणि माझं नाव?"

"नाव ठेवायला शुद्धीवर कोण व्हतं? मी तुला तिच्याच नावानं हाक मारायचे. तेच राहिलं. तू घरात झालीस, नोंद केली नाही. शाळेत जन्माचा दाखला मागितला, तर तुझ्या बाबांनी तिचा नेऊन दिला. म्हणाले, नाव तेच हाय की."

पहिलीत मी सगळ्यांत बुटकी होते. वर्गातल्या मुलींचे दात पडत होते, माझा पहिला तिसरीत पडला. बाई म्हणायच्या, हिला दूध पाजा. दूध पुरेसं होतं. वर्षं कमी होती. दीड वर्ष कमी होतं. ही निरीक्षणं इतकी वर्षं माझ्याजवळ होती, आणि मी, जी दुसऱ्यांच्या पाण्यातले जंतू मोजते, ती एकदाही त्यांच्यापाशी थांबले नव्हते.

नम्रता मॅडम खुर्ची ओढून आमच्याजवळ बसल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"पुरावा म्हणून पक्का आहे," त्या हळू म्हणाल्या. "पण अर्जात कुटुंबात दीक्षा, जन्म मे ९६, हयात असं आहे. एकाच फाइलमध्ये दोन्ही राहणार नाही. तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, की मुली दोन होत्या आणि तुम्ही धाकट्या. मग तुमचा शाळेचा दाखला, पदवी, नोकरी, सगळीकडे ही तारीख दुरुस्त करावी लागेल. कोण काय विचारेल, मी आज नाही सांगू शकत. कागद परत घ्यायचा असेल तर घ्या. मी नोंद केलेली नाही."

"परत घे," आई लगेच म्हणाली. "तुझी नोकरी जाईल. आपल्याला पत्रा बरा."

"मावशी, पत्रा मार्चपर्यंतच आहे," सुखदेव पलीकडून म्हणाला. "मग तोही आमच्या बुलडोझरचा."

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. कागद काढला तो मला घर मिळावं म्हणून, हे मला तेव्हा कळलं. तिला वाटलं होतं, मी वाचणार नाही.

घड्याळात सव्वातीन झाले होते. प्रयोगशाळेच्या वहीत चुकलेला आकडा खोडून काळा करायला परवानगी नसते. त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा दिसत राहील अशी. शेजारी खरा आकडा लिहायचा, आणि सही.

"मी लिहून देते," मी म्हणाले.

विहाराबाहेर टायपिंगवाला आणि नोटरी बसले होते. टायपिंगवाल्याने विचारलं, "धाकटीची जन्मतारीख?"

मी आईकडे पाहिलं.

"तारीख नाही म्हायती. चैत्यभूमीला गेलेली माणसं परत आली व्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशी."

माणसं सहा डिसेंबरला तिथे असतात, सातला परततात. मी आठ सांगितली. आठ डिसेंबर १९९७. ही माझी तारीख आहे असं मला वाटेना. कुणा अनोळखी नमुन्यावर चिठ्ठी चिकटवल्यासारखं वाटलं.

परत टेबलापाशी आलो तेव्हा चार चाळीस झाले होते. सुखदेवने जुनी नोंद उघडली. या वेळी तो आईशी बोलला, आणि मान वर करून.

"मावशी, मुली किती लिहू?"

आईने त्याला दोन बोटं दाखवली. मग तिने सांगितलं, "दोन. नाव दोघींचं एकच."

त्याने टाइप केलं. पावती छापून आली. आईने ती घडी न घालता त्याच पिशवीत ठेवली, रबर लावलं, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"आता तू ठेव," ती म्हणाली.