‘काय देऊ नये’ची कैफियत

मी ‘काय देऊ नये’ बोलतोय. एका पाळणाघराच्या वेबसाइटवर मुलांच्या माहितीला जी लेबलं आहेत, त्यांतलंच एक.

माझा जन्म एका आईच्या धास्तीतून झाला. तिच्या लेकीला दूध सोसत नाही. घोटभर गेलं तरी श्वास अडकतो. ‘इतर माहिती’च्या रकान्यात हे कोण वाचणार? तिने हट्ट धरला, तेव्हा कुठे प्रोग्रामर महाशयांनी माहितीच्या साच्यात, म्हणजे सगळ्या मुलांची पानं ज्यावरून बनतात त्यात, मला बसवलं. लेकीच्या पानावर मी ठसठशीत दिसायचो. माझ्याखाली ‘दूध’.

मग सगळ्या मुलांची एकत्र यादी हवी झाली आणि आमच्या विद्वानाची दांडी गुल!

“एका मुलाचं ठीक होतं. इथे एवढी मुलं. रकान्यावरचं लेबल घ्यायचं कोणत्या मुलाकडून?”

अरे शहाण्या, मुलांकडून कशाला? साचा सगळ्यांचा एकच, त्याच्याकडून घे! पण शोधायचा कंटाळा. गड्याने रकान्याच्या डोक्यावर हातानेच ‘आहार’ टाइप केलं आणि निघाला चहाला.

दुसऱ्या दिवशी नव्या मावशींनी यादी वाचली. आहार, दूध. त्यांनी मायेने पेला भरला.

नशीब, आई डबा द्यायला विसरली होती. ती परतली तेव्हा पेला लेकीच्या ओठांशी होता.

“मावशी, थांबा!”

“अगं बाई, तूच लिहिलंयस ना? मी तर साखरही घातली.”

आईने पेला काढून घेतला. वर तिलाच शंका, आपणच काही चुकीचं भरलं का? घ्या! घोळ त्याचा, झोप उडणार हिची.

“डेटा तर बरोबर होता,” महाशय म्हणाले. होता ना! मुंडकं उडवलं तरी हातपाय बरोबरच असतात.

आता यादीत माझं नाव आलंय. तेही त्याने हातानेच टाइप केलंय! उद्या साच्यात माझे शब्द बदलले, तर ही यादी जुनंच बरळत बसेल.

यादीचा भरवसा नाही, हे आईने ओळखलंय. रोज सकाळी ती लेकीच्या फ्रॉकवर कापडी पट्टी टाचते : ‘मला दूध देऊ नका.’

लेक खेळते, पडते, झोपते, पट्टी तिच्यासोबतच. मी पडद्यामागून हेव्याने बघतो. लेबल असावं तर असं. मला मात्र साच्यातून यादीपर्यंत आणायलाही कोणाला जमलं नाही.