पोट आलेली रेघ

कागदाने खरं सांगितलं की तुम्ही कागदालाच खोटं पाडता. कुणाचं नाव घेत नाही. पण आरशावर, तराजूवर, तापमापीवर डाफरणारी तुम्ही सगळी माणसं एकाच माळेचे मणी. मी तर साधा चौकोनांचा कागद. तरी आज तोंड उघडतोय, कारण खरं कळायला उशीर झाला तर काय होतं, ते मी पाहिलंय.

वीतभर अंग, त्यावर उभ्याआडव्या रेघा आणि मधोमध एक काळा ठिपका. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी छापखान्यात माझा जन्म झाला. आम्ही शेकडो भावंडं, सगळी नाकासमोर चालणारी. डॉक्टरबाईंनी गठ्ठ्यातून मला काढलं आणि एका आरेखकाच्या हाती दिलं. इमारतींचे नकाशे काढण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. कचेरीत त्याला सगळे ‘काटकोन’ म्हणत. घरी पाहुण्यांची पाठ वळली की तो खुर्च्या भिंतीला समांतर लावी.

काटकोनच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्या आणि पाझरू लागल्या. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन पाणी आटलं. पण तोवर वण पडला होता, आणि वण काही पुसला जात नाही.

“रोज सकाळी चष्मा लावायचा, एकेक डोळा झाकायचा आणि ठिपक्याकडे बघायचं,” बाई म्हणाल्या. “उजव्या डोळ्याला रेघा वाकड्या दिसल्या, की त्याच दिवशी यायचं.”

मी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली राहू लागलो. सकाळी तो समोर उभा राही, आणि त्याला जे दिसे ते मलाही कळे. डाव्या डोळ्यातून मी म्हणजे धुक्यातलं गाव. ठिपका नाहीच, भोवतालच्या रेघा पाण्याखालच्या गवतासारख्या डुलणाऱ्या, आणि कडेचे चौकोन मात्र लख्ख. त्या डोळ्याने बायकोकडे पाहिलं तर तिचे कान दिसत, चेहरा विरघळलेला.

“कान तरी ओळखा,” ती म्हणे. “डूल तुम्हीच आणलेत.”

मग तो उजवा डोळा उघडी, आणि धुक्यातून ती परत येई.

एका सकाळी उजव्या डोळ्यातही ठिपक्याजवळची माझी एक रेघ खाली झोळली, ओले कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी. क्षणभर मलाच वाटलं, आपण स्वप्नात आहोत. काटकोनने चष्मा पुसला. डोळा चोळला. पुन्हा पाहिलं.

“छपाईच वाकडी आहे,” तो म्हणाला.

मी ओरडलो असतो. पण कागदाला आवाज फुटतो तो फाटतानाच.

त्याने मला मेजावर घेतलं. खणातली पोलादी पट्टी काढली, पण माझ्यावर ठेवली नाही. तशीच परत खणात सरकवली. पट्टीही वाकडी दिसली तर? मग ब्लेडने त्याने माझी रेघ खरवडली आणि श्वास रोखून, नुसत्या हाताने, स्वतःला सरळ दिसेल अशी नवी रेघ शाईने ओढली. तीस वर्षं हेच केलं होतं ना! नकाशा चुकला की खरवडायचा, सुधारायचा.

त्यानंतर सात दिवस तो माझ्यासमोर उभा राहून “उत्तम” म्हणत राहिला. सात दिवस! आत पाणी झिरपत होतं, आणि मी त्याच्याच हातची खोटी साक्ष देत होतो.

आठव्या दिवशी फ्रिजमधून दूध काढायला आलेली बायको थबकली.

“अहो, ह्या रेघेला पोट कसं आलं?”

“कुठे? छापखान्याची चूक होती. मी सुधारली.”

“सुधारली? तुमच्या पोटापेक्षा पुढे आलंय ते!”

तो हसला नाही. मग तिचंही हसू मावळलं. तिने पट्टी आणून माझ्यावर ठेवली, त्याचं बोट धरलं आणि आधी पट्टीच्या कडेवरून फिरवलं. मग ब्लेडने खरखरीत झालेल्या जागी, नव्या रेघेवरून. बोट कडेपासून दूर दूर जात राहिलं.

“वाटलं, पट्टी लावलीच नाही तर खरं ठरणार नाही,” तो हळूच म्हणाला. “याही डोळ्यातून तुझा चेहरा गेला तर?”

“आधी चपला घाला,” ती म्हणाली.

दवाखान्यात बाईंनी मला उजेडात धरलं. “कुठे बिघडलंय त्याचा नकाशाच काढलात की!” त्या म्हणाल्या, पण त्याही हसल्या नाहीत. तीन महिन्यांत तीन इंजेक्शनं झाली. पाणी ओसरलं, झोळलेली रेघ बरीचशी वर आली. सात दिवसांचा लहानसा वण मात्र राहिला. आता नकाशे बंद. ठळक अक्षरं वाचता येतात. बायकोचा चेहरा दिसतो, वाफ धरलेल्या काचेतून पाहावा तसा.

फ्रिजवर आता माझं धाकटं भावंड आहे. मी बायकोच्या पर्समध्ये राहतो, घड्यांनी चुरगळलेला. तुमच्या दारावर आमच्यापैकी कुणी असेल, तर कृपा करून त्याला सुधारू नका. एक डोळा झाका, बघा, आणि वाकडं दिसलं तर निघा.

आज तपासणी आहे. बाकावर शेजारी एक शिंपी बसलाय, चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला आलेला. बायको त्याला सगळी हकीकत रंगवून सांगतेय, पोट आलेल्या रेघेवर बोट ठेवून दाखवतेय. सुईत दोरा ओवायच्या सवयीने शिंप्याने एक डोळा मिटला आणि मला जवळ धरलं.

“कुठे वाकडी आहे, वहिनी? मला तर अगदी सरळ दिसतेय.”