निजलेलं काळीज

सायखेड्याच्या विमलाबाईंना झटका येऊन गेला, तो त्यांना कळलाच नाही. द्राक्षाच्या छाटणीत छातीत जळजळलं, पित्त म्हणून सोडून दिलं. पुढे अंगणातल्या अंगणात धाप लागायला लागली, तेव्हा लेक ज्योत्स्ना त्यांना नाशिकला घेऊन आली.

"मावशी, हृदयाचा एक भाग हलतच नाहीये," डॉक्टर म्हणाले. "तो मेलाय की नुसता निजलाय, ते एमआरआयमध्ये दिसेल. निजला असेल तर बायपास करू."

"मेलाच आसंल," विमलाबाई म्हणाल्या.

कानातली फुलं काढून त्या यंत्राच्या बोगद्यात आडव्या झाल्या. कानाला लावलेल्या हेडफोनमधून तंत्रज्ञ मुलीचा आवाज आला, "श्वास घ्या... सोडा... आता रोखून धरा." यंत्र ठकठकू लागलं. मग सुईतून औषध सोडलं. दंडातून गारवा वर चढत गेला, आणि चढता चढता तो गोदावरीचं पाणी झाला.

लग्नानंतर नवऱ्यानं, गोरक्षनं त्यांना पोहायला शिकवलं होतं, भर दुपारी, सासूच्या नकळत. तोच आता पाण्याखालच्या हिरव्या उजेडात उभा होता, पंचविशीतला. पैलतीरी कुणी धुणं आपटत होतं. त्यांचा पदर फुगून वर तरंगत होता.

"घाई हाय का वर जायची?" त्यानं विचारलं.

"नाय," त्या म्हणाल्या. खरंच नव्हती. तो जाऊन सोळा वर्षं झाली होती, आणि इथं किती निवांत होतं.

"मावशी, श्वास घ्या! मावशी, ऐकू येतंय ना?"

गोरक्ष नुसता बाजूला सरकला, वाट द्यावी तसा. विमलाबाईंनी छाती भरून हवा घेतली.

संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर हृदय दाखवलं. "औषध मेलेल्या जागी साचतं, तिथं पांढरं दिसतं." पांढरी होती ती एक बारीक कड. बाकी सगळं काळंभोर. "हे जिवंत आहे. रक्त पोचलं की जागं होईल."

विमलाबाई त्या काळ्या वर्तुळाकडे पाहतच राहिल्या.

"मला वाटायचं, तुझा बा गेला तवाच हे बी गेलं," त्या लेकीला म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळल्या. "करा काय करायचं ते."

बायपासनंतर, फाल्गुनात त्या लेकीबरोबर बाजारातून मेथीच्या जुड्या घेऊन चालत परतल्या. ज्योत्स्नाच मागं पडली होती.