बत्तीच्या डाव्या अंगाला

जानकीनं डस्टर टेबलाखाली ठेवला, हात झटकले आणि वर्गाकडे वळून विचारलं, "व्हेअर इज द डस्टर?"

"द डस्टर इज अंडर द टेबल!" आठवीची मुलं एका सुरात ओरडली.

मग तो टेबलावर आला, खुर्चीमागे गेला, शेवटी गंगाराम तांडेलाच्या मुलीच्या, हिराच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि प्रत्येक वेळी मुलांचा आवाज झावळ्यांच्या छपरातून पार किनाऱ्यापर्यंत पोचला. कोल्हापूरच्या प्रशिक्षणवर्गात तिला हेच शिकवलं होतं. वर्गात मराठीचा शब्द काढायचा नाही. वस्तू दाखवायची, कृती करायची, वाक्य मुलांच्या तोंडून वदवून घ्यायचं.

मुलांना त्याची मजा वाटे, पालकांना वाटत नसे. मागच्याच आठवड्यात शाळा समितीच्या बैठकीत गंगाराम तांडेल उभा राहिला होता. "माझा चेडू जूनपासून एकच सांगता. पेन खंय आसा, डस्टर खंय आसा. अहो, पेन खंय आसा ता माका दिसता! इंग्रजी कधी येतला?" सगळे हसले होते. हेडमास्तरही हसले, आणि एप्रिलपर्यंत बघू म्हणाले. देवबागची शाळा नवी, जेमतेम आठवी-नववीचे वर्ग. बाईंना ठेवायचं की नाही हे समितीच्या हातात होतं.

तेव्हापासून जानकीचं जेवणात लक्ष नव्हतं. नोकरीची काळजी होतीच, पण गंगारामाचा प्रश्न तिचा स्वतःचाही होता. फोंडाघाटच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी इंग्रजी घेऊन बी. ए. झाली होती. कविता पाठ होत्या, व्याकरण तोंडावर होतं. पण इंग्रजी ज्याची भाषा आहे अशा माणसाशी चार वाक्यं बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. कधी येऊ नये असंच तिला मनातून वाटे.

दारात अंधार झाला म्हणून तिनं वळून पाहिलं. गंगाराम उभा होता, कमरेपर्यंत ओला.

"बाईनू, भायर येवा."

"काय झालं?"

"जाळी ओढताना रापणीवाल्यांका एक गोरो गावलो हा. फळकुटाक धरून व्हावत इलो. जितो आसा. बडबडता, पण आमका काय कळणा नाय. हेडमास्तर मालवणात गेलेत." तो थांबला. "तुमी इंग्रजी शिकवतास मा?"

जानकीनं पदर खोचला, परत सोडला, परत खोचला. हातातला खडू ठेवायचं तिला सुचलं नाही. तो मुठीत धरूनच ती वाळूतून त्याच्यामागे चालू लागली.

गंगारामाच्या घरासमोरच्या मांडवात अर्धा गाव जमला होता. मधोमध चटईवर घोंगडीत गुंडाळलेला एक तरुण माणूस बसला होता. दाढी पिवळी, ओठ मिठानं फुटलेले. गंगारामाची बायको पार्वती त्याला चमच्यानं पेज भरवत होती. जानकी दिसताच लोक बाजूला झाले आणि तिच्यासाठी वाट मोकळी झाली.

तिनं मनात एक वाक्य जुळवलं. आपण कोणत्या देशाहून आलात हे मला कळू शकेल काय, असं ते भारदस्त इंग्रजी वाक्य होतं. तिनं ते उच्चारलं. माणूस तिच्याकडे बघत राहिला. मग तो घाईघाईनं खूप काही बोलला. त्यातला एकही शब्द तिला सुटा करता आला नाही.

"काय म्हणता?" गंगारामानं विचारलं.

तिचे कान तापले. आपले उच्चार चुकले, नाहीतर आपले कान. इतकी वर्षं आपण शिकलो ते काहीतरी दुसरंच होतं.

"तो... फार थकलाय," ती म्हणाली.

"ता आमका दिसताच हा," मागून कोणीतरी पुटपुटलं.

माणसानं पार्वतीचा हात बाजूला केला, जानकीकडे झुकून छातीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द शोधत म्हणाला, "नो इंग्लिश. मी... लिटल. लिटल."

जानकीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हा साहेब नव्हताच. कुठल्याशा थंड मुलखातला खलाशी होता, आणि त्याच्या डोळ्यांत ती रोज मागच्या बाकावर बघत होती तसली भीती होती. ती खाली बसली. समोरची वाळू तळव्यानं सपाट केली आणि बोटानं होडी काढली.

"धिस इज अ बोट," ती वर्गातल्यासारखं सावकाश म्हणाली.

"बोट," तो म्हणाला. त्यानं मान हलवली आणि शेजारी आणखी एक होडी काढली. पहिल्या होडीवर फुली मारली. दुसरीत त्यानं शिंपल्या ठेवल्या, एक, दोन, तीन... सात.

"हाउ मेनी मेन? सेव्हन?"

"सेव्हन. मेन. यस."

"आणखी सात माणसं आहेत," जानकी वर बघून म्हणाली. "दुसऱ्या होडीत. समुद्रातच."

गंगाराम तिच्याशेजारी उकिडवा बसला. "खंय? इचारा, खंय?"

"व्हेअर? व्हेअर इज द बोट?"

"लाइट," तो म्हणाला. तिला कळलं नाही. त्यानं मूठ मिटली, उघडली, परत मिटली. "नाइट. लाइट."

"काहीतरी उजेड... लागतो, विझतो..."

"बत्ती!" गंगाराम दीपस्तंभाच्या दिशेला हात करून ओरडला. "निवतीच्या खडकांवयली बत्ती! थंयसर खडकांत अडाकले आसतले."

खलाशानं डावा हात वर केला. "लेफ्ट. लाइट, लेफ्ट."

"बत्तीच्या डाव्या बाजूला म्हणतोय."

"डाव्या म्हणजे? तेचा तोंड खंय होता, जमनीक की भायर?" गंगारामानं समुद्राकडे मान वळवली. क्षितिजावर ढगांची काळी कड चढत होती. "वारो फिरता हा. सगळे खडक धुंडाळूक वेळ गावाचो नाय. उत्तरेक की दक्षिणेक, बाईनू?"

जानकीनं प्रश्न विचारला. किनाऱ्याकडे तोंड होतं का? खलाशी म्हणाला, "यस." समुद्राकडे होतं का? तो म्हणाला, "यस, यस." हे यस तिच्या ओळखीचं होतं. प्रश्न कळला नाही की तिची मुलं असंच म्हणत. तिनं परत वाळूत बोट टेकवलं, पण त्याची मान कलली, डोळे मिटले, आणि पार्वतीनं त्याला हळूच आडवं केलं.

सगळे जानकीकडे बघत होते. बैठकीत हसलेले चेहरे त्यांत होते. आता त्यांच्यावर हसू नव्हतं.

"उत्तरेला," ती म्हणाली. आवाज वर्गातला होता, स्पष्ट आणि ठाम.

गंगाराम तिच्याकडे क्षणभर बघत राहिला, मग उठला. थोड्याच वेळात दोन होड्या लाटांवर उभ्या झाल्या. एकीत तो, दुसरीत पार्वतीचा भाऊ तुकाराम. फेस ओलांडून त्या पलीकडे गेल्या, शिडं फुगली, आणि सुरूच्या झाडांआड दिसेनाशा झाल्या.

मालवणला माणूस धाडला होता, पण तिथून कोणी येईपर्यंत दिवस कलणार होता. जानकीनं मुलांना घरी सोडलं आणि ती परत किनाऱ्यावर आली. समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. डावा हात उत्तरेला. मग तिनं समुद्राकडे तोंड केलं. डावा हात दक्षिणेला. आपल्याकडे कोणी बघत नाही ना, हे पाहून तिनं पुन्हा तेच केलं. घाटाखाली वाढलेल्या मुलीला होकायंत्राच्या दिशा पाठ होत्या, पण फळकुट धरून वाहत आलेला माणूस तोंड कुठे करतो हे तिला ठाऊक नव्हतं. कोणाला विचारायची आता सोय उरली नव्हती.

दुपारनंतर वारा चढला. नारळीच्या झापा एकाच बाजूला ओढल्यासारख्या वाकल्या. दोनदा तिनं खलाशाला हलवून बघितलं. तो तापानं फणफणला होता, स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलत होता. पार्वती तिच्याशेजारी येऊन वाळूत बसली. तिच्या मांडीवर जाळं होतं, पण हात चालत नव्हते.

"बाईनू, तुमका बरा कळला मा ता?"

"हो."

"तुकारामाक पोर झाला हा. म्हयनो झाला." पार्वती समुद्राकडे बघत म्हणाली. "म्हणान इचारलंय."

जानकीला खरं सांगावं असं वाटलं. पण सांगून आता होड्या परत फिरणार नव्हत्या, आणि या बाईच्या जिवाला आणखी एक घोर लागणार होता. मुठीतला खडू केव्हा मोडला हे तिला कळलं नाही. हात पांढरे झाले होते.

दिवेलागणीला लांबवर एक शीड दिसलं. बाया उठून उभ्या राहिल्या. होडी जवळ आली तशी आतली डोकी मोजता येईनात, इतकी ती दाटीनं बसली होती. पुरुष लाटांत धावले. गंगाराम उतरला. त्याच्यामागून एकेक करून गोरी माणसं उतरली, दोघांना उचलून आणावं लागलं. सात होती.

"गावले!" कोणीतरी ओरडलं. "बाईनू, गावले!"

जानकी मात्र समुद्राकडे बघत होती. दुसरं शीड दिसत नव्हतं.

गंगाराम धापा टाकत वाळूत बसला. ती त्याच्याजवळ गेली. "तुकाराम?"

"येतलो." पण तोही त्याच दिशेला बघत होता. "हे दक्षिणेक गावले. कपारीत होडी अडाकली होती."

"दक्षिणेला? पण मी तर..."

"तुमी उत्तर म्हटलास. पण म्हणताना तुमी बघी होतास दक्षिणेक." तो हळू बोलत होता, कोणाला ऐकू जाऊ नये असं. "म्हणान तुकारामाक उत्तरेक धाडलंय आणि मी दक्षिणेक गेलो."

मागे पार्वती उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती जानकीकडे बघत राहिली आणि मग एकटीच पुढे पाण्यापर्यंत चालत गेली. लुगड्याचा काठ भिजला तरी थांबली नाही.

"माका कळूक नव्हता," जानकी म्हणाली. या गावात ती पहिल्यांदाच मालवणीत बोलली होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "माका कळूक नव्हता, तरी मी सांगितलंय."

गंगारामानं डोक्याचं ओलं फडकं पिळलं. "मगे तसा सांगूचा. ठावक नाय म्हटलास असता तर काय बिघडला असता? दर्यार आमका तरी रोज खंय ठावक असता?"

ती तिथंच उभी राहिली. अंधार पाण्यावर उतरत होता. कोणीतरी सुक्या झावळ्यांची चुडी पेटवून उंच धरली आणि वाऱ्यानं ती विझली. दुसरी पेटवली.

मग पार्वतीचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज. त्या आवाजामागून तुकारामाची होडी दिसली, शीड फाटलेलं, वल्ही दोनच. तो उतरला तेव्हा त्याचा हात फडक्यात बांधला होता आणि फडकं काळं झालं होतं. पार्वतीनं त्याला आधी दोन्ही हातांनी मारलं, आणि मग धरून ठेवलं. पाणी दोघांच्या पायांवरून जात-येत राहिलं.

मांडवात चूल पेटली होती. आठ खलाशी घराच्या भिंतीला टेकून बसले होते. पहिल्याचा ताप उतरला होता, तो आपल्या माणसांना हात लावून लावून बघत होता. जानकी खांबाआड उभी होती. घरी जावं की थांबावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

पार्वती टोपातली पेज वाढत होती. तिनं मान न उचलता हाक मारली.

"गो बाय, हयसर ये. इचार तेंका, आणखी पेज होई काय."

जानकी पुढे झाली. तिनं विचारलं. त्यांच्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा बोलू लागला. तो टोपाकडे बोट दाखवी, मग समुद्राकडे, मग तुकारामाच्या हाताकडे, आणि बोलतच राही. मांडवातले सगळे जानकीकडे बघू लागले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काय म्हणता गो?" पार्वतीनं विचारलं.

"माका कळूक नाय."

पार्वतीनं टोपातली पेज पळीनं ढवळली. "मगे परत इचार."

जानकी त्या म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसली, आणि तिनं परत विचारलं.