मटारच्या पिशवीमागचा पक

मी एक पक बोलतोय. फ्रीझरचं दार आज कोणीतरी नीट लावलेलं नाही. फटीतून उजेड येतोय, तोवर बोलून घेतो. माझ्या एका बाजूला मटारची पिशवी आहे, दुसऱ्या बाजूला खवलेल्या नारळाचा डबा. घर सेंगकांग या उपनगरातलं, अकराव्या मजल्यावरचं. बाहेर नेहमीसारखंच उकडतंय. पण मी स्वयंपाकाची वस्तू नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यावरून या घरात एकदा मोठा घोळ झालेला आहे.

पक म्हणजे आइस हॉकीतला चेंडू, असं लोक सांगतात. मला ते आवडत नाही. चेंडू कुठेही घरंगळतो. मी चपटा, काळा, घट्ट रबराचा, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. बर्फावर मी सरळ घसरत जातो. मी उड्या मारू नयेत म्हणून सामन्याआधी मला गोठवून ठेवतात. थंडी हा आमच्या जातीचा गुण आहे.

गंमत म्हणजे माझा जन्म थंडीतला नाही. माझं रबर जोहोरच्या एका बागेतलं, म्हणजे इथून पूल ओलांडला की पलीकडच्या देशातलं. तिथल्या झाडाचा चीक जहाजातून युरोपात गेला, एका कारखान्यात शिजला, साच्यात दाबला गेला आणि मी झालो. माझ्या अंगावर लाल हातोडा छापला. ते ल्युंगहामर नावाच्या स्वीडनमधल्या छोट्या गावाच्या संघाचं चिन्ह. गाव एवढंसं, पण संघ देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळायचा. चौदा संघ, बावन्न सामने, सप्टेंबर ते मार्च. शेवटच्या दोन संघांनी मग आपसात झुंजायचं आणि हरणाऱ्याने खालच्या लीगमध्ये जायचं.

मी आयुष्यात नऊ मिनिटं खेळलो. सप्टेंबरातला पहिला सामना होता. मला जाळ्यात मारलं ते गोलकीपरच्या डाव्या गुडघ्याशेजारून, आणि तिथे जागा आहे हे शोधून काढलं होतं ऋताने.

ऋता आमच्या संघात व्हिडिओचं काम करते. झालेले सामने पुन्हा पुन्हा बघायचे, कोण कुठे चुकतो ते हेरायचं आणि खेळाडूंना दाखवायचं. मुलगी सेंगकांगमध्ये वाढलेली, बँकेतली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलेली. तिकडची रीत अशी, की लक्षात ठेवण्यासारख्या गोलचा पक जपून ठेवतात. त्याच्या कडेला पांढरी चिकटपट्टी गुंडाळतात आणि तिच्यावर तारीख नि नाव लिहितात. नाव गोल मारणाऱ्याचं असतं. माझ्यावर मात्र कप्तानाने ऋताचं नाव लिहिलं. तिने मला दोन दिवस उशाशी ठेवलं आणि मग पोस्टाने वडिलांना पाठवून दिलं.

वडिलांनी पाकीट उघडलं, मला उलटसुलट करून पाहिलं आणि दाराला टेकू म्हणून लावलं.

हे उल्हासराव. तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. ऋताने नोकरी सोडली तेव्हा हा पोरखेळ आहे असं म्हणाले, आणि ती निघाली त्या दिवशी निरोप द्यायला चांगी विमानतळावर गेले नाहीत. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नव्हतं. ‘जेवली का विचार तिला’ एवढंच, आणि तेही बायकोच्या तोंडून. सुलेखाताई बिचाऱ्या दोन्हीकडचे निरोप पोचवून दमल्या होत्या.

दाराजवळ पडल्या पडल्या मला सगळं ऐकू यायचं. ऑक्टोबरात सुलेखाताईंनी एकदा सांगितलं, की संघ खालच्या लीगमध्ये गेला तर ऋताचं काम टिकेल की नाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी उल्हासरावांनी सामने दाखवणारी सेवा पैसे भरून घेतली.

मला वाटलं, लेकीच्या काळजीने. कसलं काय! संघ हरताना बघायचा होता त्यांना. संघ पडला की लेक घरी येईल, असा साधा हिशेब.

सामने आमच्या इथे भल्या पहाटे व्हायचे, म्हणून ते साडेपाचला उठून रेकॉर्डिंग बघायचे आणि मग एलआरटीची छोटी रेल्वे पकडून ऑफिसला जायचे. निकाल आधी कोणी सांगायचा नाही, हा घरातला कडक नियम. पण सुलेखाताईंच्या फोनवर ऋताचा निरोप आलेला असायचा. त्या मूग गिळून चहा टाकायच्या. संघ हरला असला की हात आपोआप आल्याकडे जायचा आणि चहात दुप्पट आलं पडायचं. उल्हासरावांनी हे आठवडाभरात ओळखलं. पहिला घोट घेतला की त्यांना निकाल कळायचा, तरी ते पूर्ण सामना बघायचे. ऋताला यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यांनी बायकोला शपथ घातली होती.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आल्याचा नुसता सपाटा होता. ओळीने आठ सामने गेले. प्रशिक्षक बदलला. फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेल्या तक्त्यात आमचा हातोडा तळाला, आणि उल्हासराव शिट्टी वाजवत बूट घालायचे. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू.

मग डिसेंबरातली ती सकाळ आली. संघ पाच गोलांनी मागे होता. हरलेल्या सामन्यात अडतीस वर्षांचा कप्तान समोरून येणाऱ्या फटक्यापुढे आडवा झाला आणि घोट्यावर मार घेऊन तिथेच पडून राहिला. उल्हासरावांच्या तोंडून निघालं, “अरे, उठ.” तेवढ्यात कॅमेरा वर गॅलरीत बसलेल्या संघाच्या मंडळींवर गेला. तिथे ऋता होती. कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप आणि उजव्या हाताचं नख दातात. शाळेच्या परीक्षेआधी ती अशीच बसायची म्हणे. उल्हासरावांनी तेवढाच तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला. त्या दिवशी त्यांची गाडी चुकली.

संध्याकाळी त्यांनी मला दारापासून उचललं, साबणाने धुतलं, कडेची पट्टी वाचली आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. पक गोठवतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी सकाळी मला बाहेर काढायचं, बशीत ठेवायचं आणि टीव्हीपुढे मांडायचं, असा नेम सुरू झाला. देवाधर्माचं फारसं न करणारा माणूस, पण मी बशीत नसलो तर टीव्ही लावायचा नाही.

जानेवारीत आम्ही ओळीने पाच सामने जिंकलो. चहातलं जास्तीचं आलं नाहीसं झालं. श्रेय माझं नाही, हे मला ठाऊक आहे. पण बशीत बसल्यावर छाती जरा फुगायचीच. उल्हासरावांना आता खेळाडूंची नावं पाठ झाली होती. दोन नंबरचा बचावपटू मागे वळताना उशीर करतो, यावरून ते ऑफिसला जाईपर्यंत बडबडायचे.

तरी सुरुवातीचं नुकसान भरून निघालं नाही. मार्चमध्ये आम्ही तळातल्या दोघांत आलो. सात सामन्यांची झुंज, आणि सहा सामन्यांनंतर तीन-तीन अशी बरोबरी. सातवा सामना आमच्याकडच्या हिशेबाने गुढीपाडव्याच्या पहाटे.

आणि नेमका तिथे तो घोळ झाला. आदल्या दिवशी सुलेखाताईंनी श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून फ्रिजमधल्या चाळणीवर ठेवलं. पाणी निथळायला वर वजन हवं होतं. चपटं, जड, बेताच्या आकाराचं. घरभर शोधून शेवटी त्यांनी मला फ्रीझरमधून काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि चक्क्यावर ठेवून दिलं. मनात होतं की झोपायच्या आधी परत जागेवर ठेवू. पाडव्याच्या गडबडीत त्या विसरल्या. स्वीडिश लीगमध्ये गोल झालेला मी, रात्रभर चक्का दाबत बसलो.

सकाळी उल्हासरावांनी फ्रीझर उघडला. मटार, नारळ, आणि मी नाही. खालच्या कप्प्यात मी सापडलो, पिशवी फाटलेली आणि अंगाला आंबट पाणी. ते बायकोवर चिडणार एवढ्यात त्यांचं लक्ष शेगडीकडे गेलं. चहा टाकलेलाच नव्हता. सुलेखाताई ओट्याला टेकून नुसत्या उभ्या होत्या.

“हरले?” उल्हासरावांनी विचारलं.

त्या म्हणाल्या, “रबर थंड ठेवून सामने जिंकत नाहीत हो. एवढा जीव तुटतोय तर तिलाच फोन करा.”

मी उल्हासरावांच्या हातात होतो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः लेकीला फोन लावला. तिकडे अजून आदली रात्र होती, ऋता जागीच होती.

“ऋता, बाबा बोलतोय.”

ती म्हणाली, “हरलो, बाबा. लास्ट मिनिटाला.”

उल्हासरावांनी तिला सगळं सांगून टाकलं. सप्टेंबरातले सामनेसुद्धा मागाहून शोधून पाहिले होते, एकही सोडला नव्हता. नखाचंही सांगितलं. मग थांबून म्हणाले, “आधी मी तुम्ही हरावं म्हणून बघत होतो. म्हणजे तू परत येशील. चुकलं माझं.”

“सगळ्या मॅचेस? सिरियसली ला?” ऋता इथल्या बोलण्यातला ‘ला’ लावत हसली, आणि हसता हसता रडायला लागली. निम्मे लोक संघ सोडून चाललेत, हे तिने सांगितलं. तिला थांब म्हणालेत, पण पगार कमी आणि काम दुप्पट. शेवटी तिने विचारलं, “बाबा, मी परत येऊ का?”

हा प्रश्न ऐकायला हा माणूस दोन वर्षं कान टवकारून बसला होता. मला वाटलं, आता ‘हो’ म्हणणार. सुलेखाताईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पदराचं टोक घट्ट धरलं. उल्हासरावांनी अंगठ्याने माझ्या कडेची पट्टी चाचपली.

“नको,” ते म्हणाले. “तुझा तो दोन नंबरवाला वळताना उशीर करतो. आधी ते नीट कर. संघ वर आण. आम्हीच येतो तिकडे, सप्टेंबरात, पहिल्या सामन्याला.”

फोन ठेवल्यावर ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले. सुलेखाताईंनी चहा टाकला. आलं घालावं की नको, त्यांचं ठरेना. मग त्यांनी थोडंसं घातलं. दुपारी श्रीखंड फार छान झालं होतं म्हणे. त्यात माझाही हात होता, पण ते कोणी बोललं नाही.

आता ऑगस्ट संपत आलाय. तिकिटं आली आहेत, सुलेखाताईंचे लोकरी कपडे सोफ्यावर पसरलेत, आणि पुढच्या शनिवारी मलाही पिशवीत घालून नेणार आहेत. तिकडच्या बर्फावर मला एकदा तरी घसरू द्या, एवढीच माझी इच्छा आहे. माझ्या अंगावर आता दोन पट्ट्या आहेत. जुनी कप्तानाची. नवी उल्हासरावांनी पाडव्याच्या संध्याकाळी गुंडाळली. हरलेल्या सामन्याचा पक जपायची रीत कुठेच नाही, पण त्यांनी तारीख घालून त्यावर लिहिलंय: ‘ऋताशी बोललो.’

चांगीच्या तपासणीवाल्यांना माझी एक विनंती आहे. पिशवीत काळं, गोल, जड काही दिसलं तर मला काढून घेऊ नका. कडेची पट्टी बघा. मराठी वाचता येत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तुमच्याकडे यायचं टाळलं होतं. आता ते आनंदाने वाचून दाखवतील.