नापास मफलर

मोज्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला बुधवारची दुपार म्हणजे शिक्षा होती. बुधवारी तीन वाजता त्याच्या ताईच्या पुढच्या खोलीत मंडळी जमायची आणि आपापल्या हातांनी चांगल्या मालाची नासाडी करायची.

निवृत्त ग्रंथपाल जुन्या मासिकांच्या पानांच्या टोपल्या वळायचे. टोपलीत ठेवावं असं त्यांच्या घरात काही नव्हतं, आणि असतं तरी टोपलीने ते धरलं नसतं. दातांची डॉक्टरीण दवाखाना बंद ठेवून रुमालांवर पक्षी भरायची. पक्षी कुठला, हे तिने सांगितल्यावरच कळायचं. ताई बरण्या रंगवायची. घरातल्या झाडून सगळ्या बरण्या रंगवून झाल्यावर साखर कुठली आणि मीठ कुठलं हे बाहेरून दिसेनासं झालं, आणि एकदा चहा खारट झाला. त्यावर मंडळी पोट धरून हसली. चूक झाल्यावर हसणारी माणसं तपासनिसाने पहिल्यांदाच पाहिली.

कारखान्यात त्याला तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘नापास’ म्हणत. मोजा हातावर चढवायचा, दिव्यासमोर धरायचा, एक टाका सुटलेला दिसला की खोक्यात फेकायचा. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं त्याला वाटलंही नव्हतं.

निवृत्तीनंतर कारखान्याची खोली सोडावी लागली. धाकट्या भावाकडे तो अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी त्याने भावजयीने घडी केलेल्या चादरी तिसऱ्यांदा उलगडल्या, तेव्हा तिने न बोलता त्याची बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली. मग उरलं ताईचं घर. त्यापुढे दार नव्हतं.

“राहा की,” ताई म्हणाली होती. “पण बुधवारी माझ्या खोलीत रिकाम्या हाताने कुणी बसत नाही. आणि आत जाऊन पडायचंही नाही. भिंतीपलीकडून तुझे उसासे ऐकू येतात.”

“मला काय येतंय?”

“जन्मभर मोजे बघितलेस ना? एक मफलर विण. तीन महिने घे. मफलर पुरा झाला की मागची खोली तुझी, कायमची.”

विणायला तो दोन दिवसांत शिकला. दोन टाके सुलट, दोन उलट, त्यात अवघड काय होतं? दर बुधवारी वीतभर विणायचा आणि गुरुवारी सकाळी खिडकीत उजेडाला धरायचा. कुठे टाका सैल, कुठे घट्ट. की ओढ दोरा, उसव सगळं. उसवून उसवून लोकर भिजल्या कुत्र्यासारखी दिसायला लागली.

“काय साहेब,” ग्रंथपाल एकदा म्हणाले, “मागच्या खेपेला वीतभर होता, आज बोटभर! मफलर आहे की मेणबत्ती?”

“तुमच्या टोपलीपेक्षा बरा. ती चाळण म्हणूनही खपायची नाही.”

“खपवायचीय कुणाला?” ग्रंथपाल खुशीत म्हणाले आणि पुढची पट्टी वाकडी लावली.

अशा माणसाशी काय बोलणार? तपासनिसाने मनातल्या मनात ग्रंथपालांना उचलून खोक्यात टाकलं. यांना दिसतच नाही, त्याने ठरवून टाकलं होतं. दिसत नाही म्हणून तर एकमेकांच्या वाकड्या कामाला ‘छान, छान’ म्हणतात.

बाराव्या बुधवारी मंडळी गेल्यावर ताईने दार लावलं आणि तिथेच उभी राहिली.

“पुढच्या बुधवारी तीन महिने होतात. मफलर पुरा नसेल तर धाकट्याला फोन करते.”

“तो घेणार नाही मला.”

“मग कुठे जाशील ते मला माहीत नाही. हे गेल्यापासून आठवड्यातनं एक दुपार मी हसते. तेवढीच. तिच्यावर तू नाक मुरडून बसतोस.”

तो आठवडा त्याने मान मोडून विणलं. उजेडाला धरायचं नाही, अशी स्वतःला तंबी दिली. मंगळवारी संध्याकाळी शेवटची ओळ सुईवर आली, आणि टाके बंद करण्याआधी हात आपोआप खिडकीकडे गेला. बरोबर मधोमध, सुलट हवा तिथे उलट टाका. एकदा दिसला आणि मग दुसरं काही दिसेना. दुरुस्त करायचा तर अर्धा मफलर उसवायला हवा होता.

बुधवारी तो मफलर तसाच सुईवर घेऊन बसला.

“वा! अगदी दुकानातला,” ग्रंथपाल म्हणाले. आंधळा, तपासनिसाने मनात नोंद केली.

“छान झालाय हो,” म्हणत डॉक्टरणीने मफलर मांडीवर घेतला. बोटं फिरवत गेली आणि नेमकी मधोमध थांबली. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “हा ना?”

त्याच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. “दिसला तुम्हाला?”

“लगेच.”

“तरी छान म्हणालात?”

“अहो, दिवसभर लोकांच्या तोंडातली कीड शोधते मी. इथेही तेच करू? ग्रंथपालांच्या टोपल्या काय मला सरळ दिसतात?”

“मलासुद्धा नाही दिसत,” ग्रंथपाल म्हणाले.

म्हणजे सगळ्यांना सगळं दिसत होतं. तीन महिने ज्या एका गोष्टीच्या जोरावर तो या माणसांपेक्षा उंच बसला होता, ती गोष्टच खोटी निघाली. त्याने मफलर ओढून घेतला आणि सुई अर्धी बाहेर काढली.

“ओढ,” ताई जागेवरून म्हणाली. “फोन इथेच आहे.”

“नापास आहे गं हा.”

“असू दे. निदान आहे तरी.”

तपासनीस सुईकडे बघत राहिला. मग त्याने ती परत आत सरकवली आणि टाके बंद करायला घेतले, एकावर एक, दात ओठ खाऊन. शेवटचा टाका ओढून त्याने कात्री मागितली आणि दोरा कापला. चौतीस वर्षांत त्याच्या हातून एकही सदोष नग पुढे गेला नव्हता.

ताईने मफलर गळ्याभोवती घेतला. उलटा टाका बरोबर हनुवटीखाली आला. तो मागे सरकवायला त्याने हात पुढे केला.

“हात खाली,” ताई म्हणाली.

त्याने हात खाली घेतला. कुठे तरी बघायला हवं म्हणून ग्रंथपालांच्या टोपलीकडे बघितलं. ग्रंथपालांनी ती घाईघाईने पोटाशी धरली.

“साहेब, हिला हात लावायचा नाही हं!”

“हात?” तपासनीस म्हणाला. “मी तर हिला चिमट्यानेही उचलणार नाही.”

मंडळी खदाखदा हसली, ग्रंथपाल सर्वांत जास्त. आपण विनोद केला नव्हता, खरं तेच सांगितलं होतं, हे या लोकांना समजावण्यात अर्थ नव्हता. त्याने पाठ फिरवली आणि लोकरीच्या पेटीतून त्यातल्या त्यात बरा गुंडा शोधायला लागला.